खेळ, गफलत आणि इबरत : इतिहासावरील व्हिडिओ गेम आणि आपली मुले

वसमत किंवा कळमनुरीतील एखादे घर डोळ्यांसमोर आणा. मगरिबची अजान झाली आहे. वडील वजू करून दाराशी उभे आहेत. आठवीत शिकणारा मुलगा आतल्या खोलीतून सांगतो, "अब्बा, दोनच मिनिटे! हित्तीनची लढाई सुरू आहे आणि मी सलाहुद्दीन आहे." वडील क्षणभर थबकतात. नमाजला उशीर होतो आहे म्हणून रागवावे, की मुलाच्या ओठी एखाद्या नटाऐवजी सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी (रह.) यांचे नाव आहे म्हणून समाधान मानावे?

इतिहासावर आधारित डावपेचांचे व्हिडिओ गेम मुलांसाठी योग्य आहेत काय, त्यांतून शिक्षण होते काय, हा प्रश्न आता मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. "सगळे खेळ हराम" किंवा "मुले आहेत, खेळू द्या" असे एका वाक्याचे उत्तर देणे सोपे आहे. मात्र त्या दोन्ही उत्तरांत पालक आपली जबाबदारी टाळतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीनुसार आपल्यापैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि त्याच्या हाती सोपवलेल्यांविषयी त्याला जाब द्यावा लागणार आहे. म्हणून हा विषय थोडा शांतपणे समजून घेऊ.

सूरह यूसुफमधील दोन प्रसंग

या विषयाची किल्ली सूरह यूसुफमध्ये सापडते. हजरत यूसुफ (अलै.) यांचे भाऊ पित्याकडे येतात आणि धाकट्याला उद्या आपल्याबरोबर पाठवावे, तो खाईल, खेळेल, असा आग्रह धरतात. हजरत याकूब (अलै.) हे अल्लाहचे प्रेषित. पण मुलाने खेळू नये, असे ते म्हणाले नाहीत. त्यांना भय वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. तुम्ही त्याच्याविषयी गाफील असाल आणि लांडगा त्याला खाऊन टाकील, ही त्यांची चिंता होती (आयत १२ व १३). म्हणजे पित्याच्या मनातील भय खेळाचे नव्हते, गफलतीचे होते.

याच सूरहच्या अखेरच्या आयतीत (आयत १११) सांगितले आहे की, पूर्वजांच्या या वृत्तान्तांत बुद्धिमंतांसाठी इबरत, म्हणजे बोध आहे आणि ही काही रचलेली कहाणी नव्हे. एकाच सूरहच्या आरंभी खेळ आहे आणि अखेरीस इतिहासाचा बोध आहे. या दोहोंच्या मध्ये गफलतीमुळे ओढवलेले दीर्घ दुःख आहे. इतिहासाचे खेळ पारखताना हे तीन शब्द ध्यानात ठेवावेत : खेळ, गफलत, इबरत.

खेळाला इस्लामने जागा दिली आहे. ह. आयेशा (रजि.) बालवयात बाहुल्यांशी खेळत आणि प्रेषित (स.) ते पाहत असत. ईदच्या दिवशी मस्जिदे नबवीत हबशी लोक भाल्यांचा खेळ करीत होते, तेव्हा प्रेषितांनी (स.) आयेशांना (रजि.) तो मनसोक्त पाहू दिला. एका लहान मुलाचा पाळलेला पक्षी मेला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याची आपुलकीने विचारपूस केली. दुसरीकडे, आरोग्य आणि मोकळा वेळ या दोन देणग्यांबाबत बहुतेक माणसे तोट्यात राहतात, असेही त्यांनीच बजावले. वेळ ही अमानत आहे. तिचा काही भाग विरंगुळ्याला देण्यास हरकत नाही, परंतु ती सगळीच त्याच्या स्वाधीन करता येत नाही.

डावपेचांच्या खेळाची परंपरा

पटावर राज्य मांडून लढण्याचा खेळ नवा नाही. बुद्धिबळ भारतात जन्मले, इराणमार्गे अरबांकडे गेले आणि तेथून युरोपात पोहोचले. बगदादच्या अब्बासी दरबारात अस्-सूली याच्यासारखे नामांकित खेळाडू होते. या खेळाविषयी फुकहांनी बारकाईने विचार केला. कोणी तो निषिद्ध मानला, तर कोणी नापसंत. ज्यांनी सवलत दिली त्यांनीही अटी घातल्या : जुगार नको, नमाजची हानी नको, तोंडी अपशब्द नकोत. आजच्या खेळांबाबतही उलेमांमध्ये मतभेद आहेत. चित्रे आणि संगीत यांमुळे काही जण ते वर्ज्य ठरवतात. हा लेख म्हणजे फतवा नव्हे. आपण ज्या आलिमांवर विश्वास ठेवता त्यांना अवश्य विचारावे. येथे आपण पालक म्हणून लक्षात घ्यायच्या गोष्टी पाहत आहोत.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याच वर्षी 'एज ऑफ एम्पायर्स' या खेळाचा दुसरा भाग बाजारात आला. त्यात सलाहुद्दीन यांच्या मोहिमेचे स्वतंत्र प्रकरण आहे. २०२२ मध्ये त्याला भारतीय राजवंशांचा भाग जोडण्यात आला आणि त्यात बाबरची मोहीम आली. २०२१ च्या चौथ्या भागात दिल्ली सल्तनत आणि अब्बासी खिलाफत आहेत, बगदादचे बैतुल हिकमाही आहे. 'एम्पायर : टोटल वॉर' या २००९ च्या खेळात अठराव्या शतकातील मराठा सत्ता चालवता येते. मुलांच्या तोंडी आपल्याकडच्या इतिहासाची नावे येतात, ती अशा मार्गाने.

काय शिकायला मिळते?

न्यायाने बोलायचे तर मूल पुष्कळ काही शिकते. 'एज ऑफ एम्पायर्स'मध्ये आरंभी हाती मोजके गावकरी असतात. धान्य, लाकूड, सोने आणि दगड मिळवल्याशिवाय सैन्य उभे राहत नाही. राज्य तलवारीआधी शेतावर उभे असते, हे मुलाच्या ध्यानात येते. नदी, डोंगर आणि अरुंद वाट यांचे महत्त्व नकाशावर दिसते. आज केलेला खर्च उद्या कमतरता निर्माण करतो, हा हिशेब तो शिकतो. पाठ्यपुस्तकातील कोरड्या सनावळ्यांपेक्षा त्याच्या मनात कुतूहल जागते. कुतूहल ही ज्ञानाची पहिली पायरी आहे. ती तुच्छ लेखू नये.

परंतु पायरी म्हणजे घर नव्हे.

काय शिकायला मिळत नाही?

पहिली गोष्ट माणसाच्या मोलाची. त्या खेळात एखादा गावकरी मारला गेला तर ५० धान्य खर्चून दुसरा तयार होतो. मूल त्याच्यासाठी क्षणभरही थांबत नाही. खेळाच्या रचनेत थांबण्याचे कारणच नसते. कुरआनने मात्र एका निरपराध जिवाच्या हत्येला अखिल मानवजातीच्या हत्येसारखे मानले आहे (सूरह अल्-माइदा, आयत ३२). खेळातल्या गावकऱ्याला आई नसते, नाव नसते. इतिहासातील प्रत्येक गावकऱ्याला ती दोन्ही होती, हे मुलाला आपण सांगायचे आहे.

दुसरी गोष्ट पावसाची. खेळातले शेत लाकूड खर्च केले की पुन्हा पिकते. पाऊस पडला नाही असे वर्ष तेथे येत नाही. सोयाबीन आणि हळदीच्या भरवशावर वर्ष काढणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील मुलाला ही उणीव चटकन पटेल. त्याला विचारावे, "१९७२ च्या दुष्काळाविषयी आजोबांनी काय सांगितले होते?" १६३० ते १६३२ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि मोगलांच्या मोहिमा त्याच सुमारास चालू होत्या. सैन्याने धान्य नेले की गावाकडे काय उरते, याचे उत्तर पडद्यावर नाही.

तिसरी गोष्ट धर्माची. या खेळाच्या मूळ आवृत्तीत मुस्लिम सत्तांनाही मठ आणि मठवासी दिले आहेत. तो मठवासी मंत्र पुटपुटतो आणि शत्रूचा सैनिक क्षणात आपल्या बाजूला येतो. इस्लामने संन्यासी मठजीवनाची आज्ञा दिलेली नाही आणि धर्माच्या बाबतीत जबरदस्तीला थारा दिलेला नाही (सूरह अल्-बकरा, आयत २५६). अंतःकरण पालटणे हे बळाचे काम नव्हे. 'एज ऑफ मायथॉलॉजी' या दुसऱ्या खेळात तर ग्रीक देवतांची उपासना करून त्यांची कृपा जमवावी लागते. त्यात इतिहास नाही, पुराणकथा आहे. तौहीदचे धडे नुकतेच गिरवू लागलेल्या लहान मुलाला तो देऊ नये.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, विजयानंतरची. खेळ विजयाच्या घोषणेबरोबर संपतो. सुलतान सलाहुद्दीन यांचे मोठेपण तर विजयानंतर सुरू झाले. ४ जुलै ११८७ रोजी हित्तीन येथे विजय मिळाला आणि २ ऑक्टोबरला बैतुल मक्दिस त्यांच्या स्वाधीन झाले. १०९९ मध्ये क्रूसयोद्ध्यांनी याच शहरात कत्तल केली होती. सुलतानांनी तिचा सूड उगवला नाही. पुरुषामागे १० आणि स्त्रीमागे ५ दीनार खंडणी घेऊन लोकांना सुखरूप जाऊ देण्याचा तह झाला. सुलतान आणि त्यांचे बंधू आदिल यांनी कित्येक गरिबांना खंडणीशिवाय मुक्त केले. तरीही ज्यांचे पैसे भरले गेले नाहीत असे हजारो लोक गुलामीत गेले. हीही नोंद इतिहासात आहे आणि ती मुलापासून लपवू नये. ११९२ मध्ये राजा रिचर्डशी तह झाला आणि ख्रिस्ती यात्रेकरूंना बैतुल मक्दिसची वाट मोकळी झाली.

खेळ संपल्यावर पडद्यावर गुण झळकतात. त्यांत किती सोने जमवले याचाही हिशेब असतो. सुलतानांचे चरित्रकार बहाउद्दीन इब्ने शद्दाद यांनी दुसराच हिशेब लिहून ठेवला आहे. ११९३ मध्ये दमिश्क येथे सुलतानांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या खासगी खजिन्यात ४७ दिरहम आणि एकच सुवर्णनाणे होते. खेळाच्या हिशेबाने ते हरलेले खेळाडू ठरतात. आपल्या मुलाशी बोलण्यासाठी याहून चांगला विषय कोणता?

रंगांच्या बाजू आणि दख्खनचा इतिहास

अशा खेळात प्रत्येक पक्षाला एक रंग असतो. निळे सारे आपले, तांबडे सारे परके. कोवळ्या मनाला वाटू लागते की इतिहासही असाच होता : एका बाजूला सगळे मुसलमान, दुसऱ्या बाजूला सगळे हिंदू. आपल्या दख्खनचा इतिहास मात्र या रंगांत मावत नाही.

मलिक अंबर यांचेच उदाहरण घ्या. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी मुलगा पुढे निजामशाहीचा कारभारी झाला. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत मलिक अंबर यांच्या बाजूने शहाजीराजे भोसले लढले आणि राजांचे बंधू शरीफजी तेथे कामी आले. या दोन्ही भावांची नावे अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या दर्ग्यावरील श्रद्धेतून ठेवली गेली, अशी परंपरा सांगते. समोर होती ती मोगल आणि आदिलशाही फौज. १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारदी यांच्याकडे होता आणि त्यांनी अखेरपर्यंत निष्ठा राखली. १७२८ मध्ये पालखेडला बाजीराव पेशव्यांनी निजामाला कोंडीत पकडले, पण शेवट सर्वनाशात झाला नाही. मुंगी शेवगावला तह झाला.

मलिक अंबर गनिमी काव्यासाठी प्रसिद्ध आहेत. पण त्यांची खरी दूरदृष्टी जमीन महसुलाच्या व्यवस्थेत आणि खडकी शहरात जमिनीखालून आणलेल्या पाण्यात, म्हणजे नहर-ए-अंबरीत दिसते. १६१० मध्ये वसवलेली ती खडकी म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. लढाया सरल्या, सत्ता गेल्या, पण त्या नहरीचे पाणी पुढच्या कित्येक पिढ्या प्यायल्या. लोकांची तहान भागवणे हा सदका-ए-जारिया आहे. डावपेच शिकायचाच असेल तर मुलाने हाही शिकावा.

इबरत की फख्र?

आता मूळ मुद्दा. पूर्वजांच्या वृत्तान्ताकडे पाहण्याच्या दोन रीती आहेत. फख्र करणारा म्हणतो, "आम्ही जिंकलो होतो." इबरत घेणारा विचारतो, "सत्ता हाती आली तेव्हा त्यांनी न्याय केला काय? आणि ती का गेली?" कुरआन आपल्याला पृथ्वीवर फिरून पूर्वीच्या लोकांचा शेवट कसा झाला ते पाहण्यास सांगतो. त्यांच्या विजयांवर मिरवण्यास सांगत नाही. एखाद्या समाजाच्या वैरामुळेही न्यायापासून ढळू नका, अशी त्याची आज्ञा आहे (सूरह अल्-माइदा, आयत ८). बातमी आली तर तिची शहानिशा करा, नाहीतर अज्ञानाने कोणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल, अशी ताकीद आहे (सूरह अल्-हुजुरात, आयत ६). इतिहास म्हणजे जुनी बातमीच. तिचीही शहानिशा हवी.

हा केवळ विचारांचा विषय नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइलवरील स्टेटसच्या कारणाने बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, शहर होरपळले. तीनशे वर्षांपूर्वीच्या राजांच्या नावाने आजच्या दुकानांच्या काचा फुटतात. पोराच्या बोटाच्या एका स्पर्शाची किंमत आईबापाला ठाण्याच्या पायरीवर मोजावी लागू शकते. इतिहासाला दोन रंगांचा सामना समजणारे मूल, मग ते कोणत्याही समाजाचे असो, अशा आगीत सर्वांत आधी सापडते. म्हणून इबरतीचे शिक्षण ही आज घराच्या सुरक्षिततेचीही गरज आहे.

पालकांनी कोणत्या मर्यादा ठेवाव्यात?

१. खेळ आधी स्वतः पाहावा. सोबत दिलेली वयोमर्यादा वाचावी. अश्लीलता, विटंबना किंवा रक्तपाताचा आनंद असेल तर तो घरात नको.

२. एकट्याने खेळायचा आणि हवा तेथे थांबवून जतन करता येणारा खेळ निवडावा. मग अजान होताच उठण्यास अडचण राहत नाही. अनोळखी लोकांबरोबरचा थेट सामना मध्येच थांबवता येत नाही आणि तेथे कोण काय बोलेल यावर आपले नियंत्रण नसते.

३. पैशाचा संबंध येऊ देऊ नये. मोबाइलवरील कित्येक "इतिहासाचे" खेळ फुकट मिळतात. नंतर ते मुलाला ताटकळत ठेवतात आणि पैसे भरून पुढे जाण्याचा मोह दाखवतात. नशिबाची पेटी विकत घेणे जुगाराच्या सीमेला जाऊन भिडते. मैसिर कुरआनने निषिद्ध केला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घातली आहे.

४. वेळ आधीच ठरवावी. अभ्यास, नमाज, मैदानावरचा खेळ आणि झोप यांतून उरलेल्या वेळातच हा विरंगुळा असावा. खेळाचे अनावर वेड जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या यादीत घेतले आहे. मूल जेवण, झोप आणि माणसे टाळू लागले तर रागावण्याऐवजी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

५. मुलाच्या शेजारी बसावे. हजरत याकूब (अलै.) यांना भय होते ते सोबत असलेल्यांच्या गाफीलपणाचे. मुलाच्या हाती मोबाइल देऊन आपण आपल्या मोबाइलमध्ये बुडून जाणे ही तीच गफलत आहे.

घरातील अभ्यासासाठी

आठवड्यातून एकदा खेळानंतर पंधरा मिनिटे काढून मुलांना हे प्रश्न विचारावेत. आजच्या डावात किती गावकरी मेले आणि त्यांच्या घरी नंतर काय झाले असेल? विजयानंतर शहरातील लोकांशी तू कसा वागला असतास? खेळात सांगितलेली कोणती गोष्ट खरी आहे, ती पुस्तकात कशी पडताळशील? सुट्टीत जमेल तर कंधारचा किल्ला दाखवावा. दौलताबाद आणि खुलदाबाद येथे न्यावे. मलिक अंबर यांची कबर खुलदाबादेतच आहे. पडद्यावर चार क्षणांत पडणारा तट हाताने चाचपून पाहिला की मुलाचे प्रश्न बदलतात.

आणि एक प्रश्न आजी-आजोबांसमोर बसून विचारावा : "इतिहासात आपण कोण होतो?" खेळ प्रत्येक मुलाला सुलतानाच्या आसनावर बसवतो. हिंगोलीच्या मातीतले आपले बहुतेक पूर्वज, हिंदू असोत वा मुसलमान, सुलतान नव्हते. ते शेत नांगरणारे, कापड विणणारे, छावणीला दाणागोटा पुरवणारे लोक होते. निजामाच्या राजवटीत येथे हैदराबाद कंटिंजंटची लष्करी छावणी होती. तिचा खर्चही शेवटी रयतेच्याच महसुलातून निघाला. १९४८ च्या सत्तांतराच्या दिवसांत, त्याच्या आधी आणि नंतर, सामान्य घरांनी काय सोसले, ते जाणत्या म्हाताऱ्यांच्या मौनात आजही ऐकू येते. म्हणजे खेळाच्या भाषेत आपण ते ५० धान्याचे गावकरी होतो. हे ज्या मुलाला उमगेल, त्याला इतिहासाचा खेळ अपाय करणार नाही. पुढे त्याच्या हाती कोणताही अधिकार आला, तरी तो आज्ञा देण्याआधी त्या गावकऱ्याचा विचार करील.

राहता राहिला मगरिबच्या वेळी दाराशी उभा असलेला पिता. त्याने रागावू नये आणि सोडूनही देऊ नये. त्याने एवढेच म्हणावे, "बेटा, खेळ जतन कर आणि चल. नमाजनंतर आपण दोघे बसू. मग मी तुला त्या ४७ दिरहमांची गोष्ट सांगतो."

अल्लाह आपल्या मुलांना गफलतीपासून वाचवो, त्यांना पूर्वजांच्या वृत्तान्तातून इबरत घेणारी बुद्धी आणि न्यायावर ठाम राहणारे मन देवो, आणि आपणा पालकांना आपली राखणदारी निभावण्याची तौफिक देवो. आमीन.